कोल्ट्रेन, आयलर आणि गिटार: सूर बरोबर लागूनही वादन निर्जीव का वाटतं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ कळेल. तुम्ही रॉक वाजवत वाजवत जॅझकडे आलात. आता ड्रमर मित्राबरोबर एका छोट्या कार्यक्रमात सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन आणि ड्रमर रशीद अली यांच्या 'इंटरस्टेलर स्पेस' या रेकॉर्डमधलं 'मार्स' आणि सॅक्सोफोनवादक आल्बर्ट आयलरचं 'घोस्ट्स' गिटारवर वाजवायचं आहे. सूर कानानं उतरवून घेतलेत, जवळजवळ सगळे बरोबर आहेत. पण क्लीन, म्हणजे इफेक्ट नसलेल्या, आवाजात वाजवलं की बोटांचा व्यायाम वाटतो आणि डिस्टॉर्शन, म्हणजे आवाज फाडणारा इफेक्ट, लावलं की मेटल होतं. म्हणून तुम्ही विचारलंत, की कोणतं पेडल (आवाज बदलणारं, पायानं चालवायचं उपकरण) घेऊ?

पेडलबद्दल सांगतोच, पण शेवटी. माझ्या मते तुमची खरी अडचण वेगळी आहे. तुम्ही सूर उतरवलेत, आणि या रेकॉर्डांमध्ये सूर हा वादनाचा एक भाग आहे, तोही सगळ्यात महत्त्वाचा नव्हे. जॅझ सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करची एखादी धून कागदावरून पियानोवर वाजवा, गिटारवर वाजवा, ती आपल्या पायावर उभी राहते. आयलरचं 'घोस्ट्स' कागदावर उतरवलं तर हाती लागते ती लहान मुलांनाही गुणगुणता येईल अशी साधी धून, आणि तिच्यानंतर नुसत्या रेघोट्या. त्याचा तो रुंद, थरथरणारा व्हायब्रॅटो (सुराचं हेलकावणं), कडक रीडमधून (सॅक्सोफोनच्या तोंडाशी असलेल्या पातळ पट्टीतून) फुटून येणारा आवाज, सूर लागता लागता त्याच्या वर सरकणं, हेच तिथलं संगीत आहे. म्हणून गिटारवर आणायचं ते सूर नव्हेत. ते सूर तिथे जे काम करताहेत, ते काम आणायचं. हे एकदा पटलं की उतरवून घेतलेल्यातलं निम्मं सोडून द्यायची मोकळीक मिळते, आणि उरलेल्या निम्म्यावर खूप जास्त मेहनत करावी लागते.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या मला इथून ठरवता येणार नाहीत. तुमचा मित्र ठेका सोडून वाजवू शकतो का? तुम्हाला ॲम्प मोठ्यानं वाजवता येईल अशी जागा आहे का, की फ्लॅटमध्ये हेडफोन लावून रियाज चालतो? हेडफोनवर फीडबॅकचं, म्हणजे ॲम्पच्या आवाजानं तार पुन्हा थरथरवत सूर लांबवण्याचं, तंत्र शिकताच येत नाही, त्यामुळे तसं असेल तर खाली सांगितलेल्यातलं डाव्या हाताचं काम आधी करा. आणि तुमच्या प्रेक्षकांनी मूळ रेकॉर्ड ऐकली आहे का, यावरही थोडं ठरतं.

आता मूळ अडचण. सॅक्सोफोनवर सूर सुरू झाल्यानंतरही तो वादकाच्या ताब्यात असतो. हवा वाढवली की सूर फुगतो, ओठांचा दाब बदलला की त्याचा पोत बदलतो, घशातून गुरगुरलं की तो फाटतो. गिटारवर तार छेडली त्या क्षणी सगळं ठरून जातं. तिथून पुढे आवाज फक्त विरत जातो. ही झाली आपली उणीव. पण दुसरी गोष्ट बहुतेक गिटारवादकांच्या लक्षातच येत नाही. सॅक्सोफोनवाल्याला श्वास घ्यावा लागतो, आपल्याला लागत नाही. म्हणून आपण थांबतच नाही. तुमचं क्लीन आवाजातलं 'मार्स' व्यायामासारखं वाटतं त्याचं पहिलं कारण मला हेच दिसतं. सूर कोल्ट्रेनचे आहेत, पण त्यांच्यामधला श्वास गाळला गेलाय.

यावर मी विद्यार्थ्यांना एकच गोष्ट करायला सांगतो. रेकॉर्ड लावा, हातात गिटार घेऊ नका. कोल्ट्रेन जिथे श्वास घेतो तिथे कागदावर उभी रेघ मारा. सूर लिहू नका, फक्त रेघा. मग गिटारवर त्या लांबीची वाक्यं वाजवा. सूर कुठलेही चालतील, पण वाजवताना स्वतः तोंडानं श्वास सोडत राहायचं, आणि श्वास संपला की हात थांबलाच पाहिजे. काही दिवसांत जाणवेल की वाक्याच्या शेवटी घाई होते, सूर दाटतात, आवाज वर चढतो. दम संपत आलेल्या माणसाची ती निकड आहे आणि त्या वादनातली अर्धी आग तिथून येते. हे जमलं की मूळ सूर परत आणा.

दुसरं काम छेडण्याचं. सॅक्सोफोनवर प्रत्येक सुराला जीभ लागत नाही. एका फुंकेत बोटांवर कित्येक सूर निसटतात. आपण मात्र रॉकच्या सवयीनं पिक खाली-वर, खाली-वर चालवतो, एका तारेवर तीन-तीन सूर, सगळे सारख्या वजनाचे. त्यावर डिस्टॉर्शन पडलं की कान ते मेटल म्हणूनच ऐकतो, सूर कोल्ट्रेनचे असले तरी. म्हणून वाक्याचा पहिला सूर पिकनं घ्या आणि पुढचे जमतील तितके हॅमर-ऑन आणि पुल-ऑफनं, म्हणजे तारेवर बोट आपटून किंवा उचलून, डाव्या हातावर सोडा. काही सूर अर्धवट लागतील, काही नुसते खरडल्यासारखे येतील. येऊ द्या. कोल्ट्रेनच्या त्या काळातल्या वादनातही सगळे सूर सारखे स्पष्ट नाहीत. काही सूर दुसऱ्या सुराकडे जाण्यासाठीच आहेत.

आता एक गोष्ट जवळून दाखवतो, कारण गिटारचा खरा फायदा इथे आहे. कोल्ट्रेन एकच सूर वेगवेगळ्या फिंगरिंगनं, म्हणजे बोटांच्या मांडणीनं, वाजवायचा. सूर तोच, पण रंग बदलतो, उंचीत केसभर फरक पडतो, आणि एकाच सुरावर लय उभी राहते. गिटारवर ही सोय जन्मजात आहे. वरच्या मोकळ्या तारेचा ई घ्या. तोच सूर दुसऱ्या तारेवर पाचव्या फ्रेटवर (गळ्यावरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) मिळतो, तिसऱ्यावर नवव्या आणि चौथ्यावर चौदाव्या फ्रेटवर. चारही ठिकाणी एकाच जोरानं वाजवून ऐका: पहिला उघडा आणि धारदार, शेवटचा जाड, घशातून आल्यासारखा. आता या चार जागांमधून आळीपाळीनं फिरा. कुठलाही इफेक्ट न लावता एकच सूर बोलायला लागतो.

याच ई वर आयलरचा व्हायब्रॅटोही सापडतो. मोकळी पहिली तार आणि दुसऱ्या तारेचा पाचवा फ्रेट एकत्र छेडा, आणि दुसरी तार अगदी हळू ओढत जा. आधी संथ लाटा येतील, मग लाटा जवळ येतील, मग त्यांची थरथर होईल, आणि शेवटी नुसती खरखर. गिटारवर सूर विरतो, पण दोन तारांमधली ही झुंज विरेपर्यंत जिवंत राहते. नेहमीच्या व्हायब्रॅटोनं, म्हणजे एकच तार बोटानं हलवून, आयलरच्या जवळ जाता येत नाही. ते फार सभ्य वाटतं.

सॅक्सोफोनसाठी छापलेलं नोटेशन वाचत असाल तर एवढं लक्षात ठेवा: टेनरचं, म्हणजे कोल्ट्रेन-आयलरच्या सॅक्सोफोनचं, नोटेशन गिटारवर एक पूर्ण स्वर खाली वाचायचं, आणि आल्टोचं (त्याहून लहान सॅक्सोफोनचं), म्हणजे ऑर्नेट कोलमनचं वगैरे, दीड स्वर वर. टेनरचा नेहमीचा पल्ला गिटारच्या सहाव्या तारेच्या चौथ्या फ्रेटपासून पहिल्या तारेच्या अकराव्या-बाराव्या फ्रेटपर्यंत आरामात बसतो. म्हणजे पल्ल्याची अडचण अजिबात नाही. उलट तोच एक धोका आहे. टेनरवर सगळ्यात खालचा आणि सगळ्यात वरचा सूर काढायला अंगातला जोर लागतो, त्यामुळे तिथे पोचणं ही एक घटना असते. गिटारवर अकरावा फ्रेट हे रोजचं घर आहे. 'मार्स'मध्ये कोल्ट्रेन खालच्या आणि वरच्या आवाजात असा झेपावत राहतो की दोन माणसं भांडताहेत असं वाटावं. तो ताण आणायचा तर तुम्हाला मूळ सूर सोडून आणखी वर जावं लागेल, जिथे तुमच्या हाताला खरोखर कष्ट पडतील. मूळ उंची पाळण्यापेक्षा कष्टाची जागा पाळा.

आता ज्यांनी हे काम करून दाखवलंय त्यांच्याकडे येऊ, कारण ऐकल्याशिवाय माझं बोलणं हवेत राहील.

'इंटरस्टेलर स्पेस' २२ फेब्रुवारी १९६७ ला न्यू जर्सीतल्या व्हॅन गेल्डर स्टुडिओत रेकॉर्ड झालं; १७ जुलैला कोल्ट्रेन गेला, आणि रेकॉर्ड बाहेर आली ती १९७४ मध्ये. बास नाही, पियानो नाही, फक्त टेनर आणि ड्रम, आणि सुरुवातीला कोल्ट्रेननं हलवलेल्या लहान घंटा. नेल्स क्लाइन या गिटारवादकानं आणि ग्रेग बेंडियन या ड्रमरनं १९९९ मध्ये ही अख्खी रेकॉर्ड नव्यानं वाजवली, 'इंटरस्टेलर स्पेस रिव्हिजिटेड' नावानं. त्यात नंतर प्रसिद्ध झालेलं 'लिओ' आहे आणि 'लॉनीज लमेंट'सुद्धा, जे मुळात कोल्ट्रेनच्या १९६४ च्या 'क्रेसेंट'मधलं आहे. तुमची जोडीही गिटार आणि ड्रमचीच आहे, त्यामुळे हे तुम्ही ऐकलंच पाहिजे. क्लाइन टेनरचा आवाज काढायचा प्रयत्न करत नाही. तो इलेक्ट्रिक गिटारला जे येतं ते पुढे करतो: गोंगाट, पुनरावृत्ती, एकावर एक चढणारे थर. तरीही मूळ वादनाचा आकार, कुठे चढायचं, कुठे उतरायचं, कुठे मोकळं सोडायचं, हे त्याच्या हातात पक्कं आहे. 'व्हीनस' दोन्हीकडे पाठोपाठ ऐका. मूळ वादनात रशीद अली तिथे ब्रशनं वाजवतात. बहुतेक लोक 'मार्स'च्या जोरावर भाळतात, पण गिटारवादकाची परीक्षा मला 'व्हीनस'मध्येच दिसते, कारण तिथे आवाज वाढवून सुटका करून घेता येत नाही.

आयलरसाठी गिटारवादक मार्क रिबो. माझं मत विचाराल तर या सगळ्या कामातलं सगळ्यात खोल काम त्याचंच आहे. आयलरची 'स्पिरिच्युअल युनिटी' १० जुलै १९६४ ची; बासवर गॅरी पीकॉक, ड्रमवर सनी मरे. रिबोनं २००५ मध्ये याच नावाचा अल्बम काढला, पण त्यातल्या धुना आयलरच्या वेगवेगळ्या काळातल्या आहेत: 'स्पिरिट्स', 'ट्रूथ इज मार्चिंग इन', 'सेंट्स', 'बेल्स'. आणि बासवर त्यानं कुणाला घेतलं? हेन्री ग्राइम्सला. डिसेंबर १९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्डमध्ये आयलरनं 'ट्रूथ इज मार्चिंग इन' वाजवलं तेव्हा मंचावरच्या दोन बासवादकांपैकी एक ग्राइम्सच होता. त्यानंतर तो संगीतातून असा नाहीसा झाला की अनेकांनी तो गेला असंच धरलं होतं. २००२ मध्ये तो लॉस एंजेलिसमध्ये सापडला, जवळ वाद्यसुद्धा नव्हतं. त्याच्या हातून तीच धून पुन्हा ऐकताना मला दर वेळी भरून येतं. रिबोला त्याच्याकडून जे मिळालं ते कुठल्याही नोटेशनमध्ये मिळालं नसतं: धून कितपत संथ धरायची, सगळ्यांनी एकत्र न येताही एकत्र कसं असायचं.

रिबोच्या हाताकडे नीट कान द्या. वेग फारसा नाही. धून तो जाड, खरखरीत, जवळजवळ ओबडधोबड छेडतो, जणू चर्चमधले सगळे लोक मिळून गाताहेत आणि कुणाचाच सूर दुसऱ्याशी तंतोतंत जुळत नाही. आयलर तेच करत होता. त्याच्या धुनेचा साधेपणा झाकायचा नाही, सजवायचाही नाही. ती सरळ, पूर्ण विश्वासानं गायची आणि मग फोडायची. तुम्ही 'घोस्ट्स' वाजवताना धून लवकर उरकून पुढच्या मोकळ्या भागाकडे धावत असाल, अशी मला दाट शंका आहे. धुनेवरच थांबा. २००१ च्या 'सेंट्स' या एकट्या गिटारच्या अल्बममध्येही रिबोनं आयलरच्या धुना घेतल्या आहेत. तुमच्याकडे बास नसल्यामुळे तेही तुमच्या कामाचं आहे.

गिटारवादक सनी शॅरॉकचं नाव तुम्ही घेतलं नाहीत, पण तो या सगळ्याच्या मुळाशी आहे. त्याला सॅक्सोफोन वाजवायचा होता, दम्यामुळे जमला नाही, म्हणून तो गिटारकडे आला, आणि गिटारवरही आयुष्यभर सॅक्सोफोनवाल्यासारखाच विचार करत राहिला. सॅक्सोफोनवादक फॅरो सँडर्सच्या 'तौहीद' या अल्बममध्ये तो आहे. १९९१ च्या 'आस्क द एजेस'मध्ये त्याच्यासोबत सँडर्स आहे आणि ड्रमवर कोल्ट्रेनचा एल्विन जोन्स. इथे गिटार आणि टेनर शेजारी-शेजारी ऐकायला मिळतात. कोण कुठे संपतं हे कधीकधी क्षणभर कळत नाही. कोल्ट्रेनच्या रचना यात नाहीत, पण कोल्ट्रेनचा आवाज गिटारनं पचवला म्हणजे काय होतं ते इथे कळतं.

ऑर्नेट कोलमनच्या रचना गिटारवर तुलनेनं सोप्या येतात, कारण त्यांचा जीव धुनेच्या वळणात आहे. गिटारवादक पॅट मेथिनीनं १९७६ च्या पहिल्याच अल्बममध्ये त्या घेतल्या आणि पुढे 'साँग एक्स'मध्ये खुद्द ऑर्नेटबरोबर वाजवलं. मेरी हॅल्व्हरसनच्या 'मेल्टफ्रेम' या २०१५ च्या एकट्या गिटारच्या अल्बममध्ये ऑर्नेटचं 'सॅडनेस' आहे, तेही जरूर ऐका.

इथवरचं गोळा करून सांगायचं तर, आधी श्वास, मग छेडणं, मग एका सुराचे रंग, आणि मूळ वादकाला जिथे कष्ट पडले तिथे तुम्हालाही कष्ट पडतील अशी जागा. आता ड्रम.

या विषयावर लिहिताना सगळे सॅक्सोफोनबद्दलच बोलतात, पण 'मार्स' हे दोघांचं वादन आहे. रशीद अली ठेका देत नाहीत. ते सगळीकडून एकदम वाहणारी लय देतात, आणि कोल्ट्रेन तिच्यात हवा तिथे उतरतो. तुमचा मित्र सवयीनं हाय-हॅटवर (पायानं मिटणाऱ्या सिंबलच्या जोडीवर) मात्रा धरत असेल तर तुमचं प्रत्येक वाक्य त्या मात्रेवर जाऊन बसेल आणि पुन्हा रॉकच होईल. त्याला सांगा, मात्रा नको, दाब दे. कधी दाट, कधी विरळ. सुरुवातीला फक्त सिंबल आणि स्नेअरवर वाजवायला सांगा. आणि तुमचा आवाज त्याच्या सिंबलपेक्षा मोठा कधीच नको. खोलीत बिनमाइकचा टेनर आणि ड्रम जवळपास सारख्या ताकदीचे असतात; ॲम्पमुळे आपण ते सहज बिघडवतो, आणि ड्रम मागे पडले की हे वादन नुसतं गिटार सोलो उरतं.

तुम्ही प्रश्नात लिहिलंय की हे सगळं म्हणजे आपली आलापीच, मग रागातून गेलं तर सोपं जाईल का. कोल्ट्रेनचं भारतीय संगीतावर मनापासून प्रेम होतं. पंडित रविशंकरांच्या नावावरून त्यानं मुलाचं नाव रवी ठेवलं. तरी माझं उत्तर नाही असंच आहे. आलापीत रागाची चौकट दोघांनाही माहीत असते, वादकाला आणि रसिकाला, आणि सगळी गंमत त्या चौकटीत आहे. १९६७ च्या कोल्ट्रेनकडे चौकट म्हणजे चार-पाच सुरांचा एक तुकडा, जो तो उलटासुलटा करत, सप्तकं बदलत कुठेही नेतो. त्यावर राग चढवला तर दोन्हीकडचं हातून जाईल. आपल्याकडून घ्यायचंच असेल तर गायकी अंगाचा विचार घ्या: गळ्यातली गोष्ट तारेवर आणताना मींड कुठे ठेवायची, कुठे सोडायची, याचा आपल्या वादकांनी पिढ्यानपिढ्या विचार केलाय. ब्रिजभूषण काब्रांनी स्लाइड गिटारवर (तारांवर दांडी घसरवून वाजवायच्या) राग वाजवले; १९६७ च्या 'कॉल ऑफ द व्हॅली'मध्ये त्यांची गिटार आहे. शॅरॉकही स्लाइड वापरायचा. एका सुरातून दुसऱ्याकडे न तुटता कसं जावं, हे त्या दोघांकडून एकाच आठवड्यात शिकून बघा.

आता पेडल. नवं काही घेण्याआधी गिटारचा व्हॉल्यूम नॉब करंगळीनं फिरवायला शिका: सूर बंद आवाजात छेडायचा आणि मग उघडायचा. छेडण्याचा आवाज गेला की गिटार फुंकल्यासारखी वाटते. नॉब हाताला येत नसेल तर व्हॉल्यूम पेडल घ्या. तुमच्यासाठी पैसे घालायची पहिली जागा तीच. डिस्टॉर्शनऐवजी कमी गेनचा ओव्हरड्राइव्ह, म्हणजे आवाज थोडाच फाडणारा सौम्य इफेक्ट, वापरा, इतकाच की हळू छेडलं तर स्वच्छ आणि जोरात छेडलं तर फाटेल. गेन जास्त असला की सगळे सूर एकाच जाडीचे होतात आणि वर सांगितलेलं हाताचं सगळं काम पुसलं जातं. तुमचं मेटल तिथूनच येतंय. मानेकडचा पिकअप (तारांचा आवाज टिपणारा भाग), टोन अर्धा. डिले (प्रतिध्वनीचा इफेक्ट) हवाच असेल तर छोटा, आणि तोही शेवटी.

कार्यक्रमाबद्दल विचारलंत म्हणून सांगतो: 'मार्स'नं सुरुवात करू नका. 'घोस्ट्स'ची धून आधी वाजवा, एकट्या गिटारवर, दोनदा, काहीही न फोडता. लोकांना ती लगेच लक्षात राहते, आणि पुढे तुम्ही कितीही दूर गेलात तरी त्यांच्या हातात एक टोक राहतं. मित्रानं दुसऱ्या वेळी धुनेच्या शेवटी यायचं. 'मार्स' त्यानंतर घ्या आणि मूळ वादनाची जवळपास अकरा मिनिटं भरून काढायचा हट्ट सोडा. तुमच्या दोघांच्या दमाला झेपेल तेवढंच वाजवा. तालमीचं रेकॉर्डिंग इथे टाकलंत तर मी नक्की ऐकेन. फोन ड्रमच्या बाजूला ठेवून रेकॉर्ड करा, ॲम्पच्या नको, म्हणजे तुम्ही किती मोठ्यानं वाजवताय ते तुम्हाला स्वतःलाच ऐकू येईल.